कानसेनांचा पहिला अल्बम

२ जानेवारी
संकल्प पहिला. यंदा बँड काढायचा. नुसता काढायचा नाही, अल्बमसुद्धा करायचा. वय एक्कावन्न. लोक म्हणतील साठी बुद्धी नाठी, पण साठीला अजून भरपूर अवकाश आहे.
संकल्प दुसरा. रोजनिशी रोज लिहायची. खासगी. कोणी वाचायची नाही.
संकल्प तिसरा. चहात साखर एकच चमचा.

३ जानेवारी
साखरेचं उद्यापासून.

६ जानेवारी
थोडी पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. मी बेअरिंगच्या कारखान्यात नॉईज टेस्टिंगला आहे. बेअरिंग स्पिंडलवर चढवायचं, फिरवायचं, लोखंडी सळीचं एक टोक त्याला टेकवायचं आणि दुसरं आपल्या कानाला. चांगलं बेअरिंग गुणगुणतं. वाईट चिरचिरतं. चिरचिरलं की लाल डब्यात, नाहीतर ‘पास’चा शिक्का. अठ्ठावीस वर्षं हेच. सगळा कारखाना मला कानसेन म्हणतो. तानसेन व्हायला निघालेले गल्लोगल्ली सापडतात, कानसेन एखादाच.
आज मॅनेजर म्हणाले, आवाज तपासणारं यंत्र येतंय, पुढेमागे कानाची गरज उरणार नाही. मी नुसता हसलो. यंत्राला सूर कळतो का? अल्बम माझ्या कानाने घडवून मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार. मग बोलू म्हणावं.

९ जानेवारी, रविवार
बँडची पहिली बैठक, आमच्या बाहेरच्या खोलीत.
लेक गाणार. गाणी तिचीच, चालीही तिच्याच. पोरीला परगावच्या एका शाळेत नोकरी लागली आहे, पण अल्बम होईपर्यंत थांबते म्हणाली. शाळा जूनअखेरपर्यंत वाट बघायला तयार आहे. मेहुणा कीबोर्डवर. तो संगीत शिक्षक आहे, त्यामुळे त्याचं कानापेक्षा पुस्तकावर जास्त अवलंबून असतं. आमचा तरुण स्टोअरकीपर ड्रमवर. मला काका म्हणतो, चालेल.
आणि ग्राइंडर. हा माझा जिवाभावाचा दोस्त. कारखान्यात दोघं एकाच दिवशी उमेदवारीला लागलो. तो बेअरिंगच्या कड्या घासतो, मी ऐकतो. इतकी वर्षं एकाच टेबलावर डबा उघडतो आहोत. कुठलंच वाद्य येत नाही बिचाऱ्याला, म्हणून शेकर आणि ट्रँगल दिला. शेकर म्हणजे मोठ्या माणसांचा खुळखुळा आणि ट्रँगल म्हणजे तीन कोपऱ्यांची सळी, टिंग करायला. दोस्ती ती दोस्ती.
गिटार, दिग्दर्शन आणि अंतिम निर्णय माझे.
नाव मी ‘सुवर्णकर्ण’ सुचवलं. मतदान झालं. चार विरुद्ध एक. ‘सेकंड शिफ्ट’ ठरलं, कारण ड्युटी संपल्यावरच सगळे मोकळे. लोकशाहीत असं व्हायचंच.

१६ जानेवारी
दाराची बेल बिघडली. स्टोअरकीपर बराच वेळ बाहेर उभा होता म्हणे, शेवटी दार बडवलं. जाऊन नवी आणली, स्वतः बसवली. हाताला थोडा शॉक.

१९ जानेवारी
नवी बेलही बोगस. परत करायला गेलो तर दुकानदाराने तिथल्या तिथे लावून दाखवली, म्हणाला वाजतेय की. मी म्हटलं, वाजल्यासारखं तोंड करू नका, वाजवून दाखवा. दुकानात चार माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत राहिली. सत्य बोलणारा माणूस लोकांना बघावासा वाटतोच.
ती बेल तिथेच सोडून आलो. दार बडवणं आरोग्याला चांगलं.

३० जानेवारी
मेहुण्याच्या शाळेत, रविवारची सुट्टी म्हणून, तिसरीच्या वर्गात सराव. बुटक्या बाकांवर बसून पाठीचे हाल.
निरीक्षण: लेकीचा गळा गोड आहे, पण तोंडासमोर जाड पडदा धरून गाते. स, श, त कुठे जातात पत्ता नाही. शब्दांच्या कडाच नाहीत. तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी स्पष्टच म्हणतेय. मेहुणा म्हणाला, भाऊजी, मला तर लख्ख कळतंय. मामा भाचीचीच बाजू घेणार.
हिचंही तेच. बायको पूर्वी खणखणीत बोलायची, हल्ली पुटपुटते. मायलेकींना रोज आरशासमोर उभं राहून मोठ्याने वाचायला सांगितलं. बायको काहीतरी पुटपुटली.

१३ फेब्रुवारी
आज एक गंभीर गोष्ट लक्षात आली. आमच्या खिडकीसमोरच्या झाडावर चिमण्या राहिलेल्या नाहीत. पूर्वी सकाळी कलकलाट असायचा, आता चिडीचूप. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: ‘आमच्या भागातून चिमण्या हद्दपार’. विकास, सिमेंट, मोबाइलचे टॉवर, सगळ्यांचा समाचार घेतला.
बायकोला वाचून दाखवलं. ती त्या वेळी खिडकीत दाणे टाकत होती. कोणासाठी टाकतेस विचारलं तर बोटाने झाड दाखवलं. तिला खरं सांगवेना.

२१ फेब्रुवारी
यंत्र आलं. माझ्याच शेजारी बसवलंय. कानामागून आलं आणि तिखट झालं. पडदा, दिवे, सगळा थाट. मी पास केलेला माल त्यात घालून बघतात. बऱ्याचशांना लाल दिवा लागला. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे सांगितलं की नवं आहे, बुजरं आहे, सवय होऊ द्या त्याला.
कसं कोण जाणे, आज चहात साखर चार चमचे.

६ मार्च, रविवार
आज कडक व्हावं लागलं. नाइलाज.
बरेच दिवस लक्ष होतं माझं. ग्राइंडर शेकर हलवतो, हात जोरात चालतो, चेहरा तल्लीन, पण आवाज नाही. ट्रँगलवर सळी मारतो, आवाज नाही. म्हणजे नुसता अभिनय. आधी वाटलं लाजतोय. आज सराव थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, फुकटचे हात हलवायचे असतील तर रस्त्यावर जाऊन गाड्या थांबव. तो म्हणाला, अरे वाजवतोय की. मी म्हटलं, वाजव मग. त्याने वाजवलं. मी म्हटलं, वाजव ना. त्याने पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काहीतरी शोधत असल्यासारखं. मग ट्रँगल बाकावर ठेवला, डब्याची पिशवी घेतली आणि गेला.
बाकीचे खाली मान घालून बसले होते. एकही जण त्याच्या बाजूने बोलला नाही. दिग्दर्शकाचा वचक असावा लागतो.

७ मार्च
कँटीनमध्ये ग्राइंडर दुसऱ्या टेबलावर बसला. बसू दे. राग लोण्यासारखा असतो, वितळतो. आठवडाभरात येईल. त्याच्या घरचं लोणचं मात्र आठवलं.

२२ मार्च
कारखान्यात कान तपासणीची गाडी आली. दरवर्षी येते. सगळ्यांची रांग. मी नेहमीप्रमाणे रजा टाकली. सोनार सोनं कसोटीवर घासतो. कसोटी कशावर घासायची? घरी बसून गिटारच्या तारा बदलल्या. जुन्या तारांत जीव राहिला नव्हता. नव्यांतही नाही. हल्ली कशातच माल नसतो.

१० एप्रिल
रेकॉर्डिंगला प्रारंभ! गाद्यांच्या दुकानाच्या तळघरात स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्यांचाच उरलेला फोम. स्टुडिओवाला पोरगेलासा, केस बांधलेले, बोलणं नम्र. त्याची एका संगीत कंपनीत ओळख आहे. नवे आवाज शोधतायत, मिक्सिंग झालं की पाठवू म्हणाला. लेकीचे डोळे असे चमकले की मलाच भरून आलं. लहानपणी जत्रेत पाळणा बघून चमकायचे तसे.
ही पोर माझ्या हातून मोठी होणार. हे एक काम मी चोख करणार. बाकी आयुष्यात काय, लोखंडच ऐकलं.

२४ एप्रिल
सगळी गाणी रेकॉर्ड झाली. शेकर स्टोअरकीपरने वाजवला. आश्चर्य म्हणजे त्याचाही आवाज येत नाही. वाद्यच खराब दिसतंय. म्हणजे ग्राइंडरची त्यात तेवढी चूक नसावी.
पण आता बोलून काय उपयोग. शिवाय त्याने तरी तेव्हा सांगायला हवं होतं.

८ मे
मिक्सिंग. म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं, कुठलं किती लहान, आवाजाला धार किती, हे ठरवायचं. खरी परीक्षा कानाचीच. खुर्चीत मी बसलो.
लेकीच्या आवाजावरचा पडदा काढायचा हे पहिलं काम. स्टुडिओवाल्याला ट्रेबल वाढवायला सांगितलं. ट्रेबल म्हणजे आवाजाची वरची धार. वाढवला. अजून म्हटलं. वाढवला. अजून. तो म्हणाला, काका, आता दात शिवशिवतायत. मी म्हटलं, ते दाताच्या डॉक्टरला सांग, मला आवाज दे.
संध्याकाळपर्यंत पडदा थोडा विरळ झाला. स्टुडिओवाल्याने कानात कापूस घातला होता. कामचुकार लोकांच्या काय एकेक युक्त्या.

१५ मे
वाद. मेहुणा ऐकून म्हणाला, भाऊजी, हे कानात सुया टोचल्यासारखं होतंय, अहो खाली आणा. नाचता येईना अंगण वाकडं! याला आवाजावरून बेअरिंगची कंपनीसुद्धा ओळखता येत नाही आणि सुया सांगतोय. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं पगार कानाचा घेतोय मी.
लेक कोपऱ्यात बसली होती. निघताना तिने मला विचारलं, बाबा, माझा आवाज तुम्हाला कसा ऐकू येतो? खरं सांगा. मी खरं सांगितलं. म्हटलं, बाळा, शेजारच्या खोलीतून गातेस असं वाटतं, पण काळजी करू नकोस, मी तुला अलीकडे आणतोय. ती रडायला लागली. कलावंत माणूस हळवं असतंच. डोक्यावर हात ठेवला.
घरी येईपर्यंत माझा हात धरून चालली. सहावीनंतर पहिल्यांदाच.

२९ मे
मिक्सिंग पूर्ण. शेवटच्या दिवशी मी आणि स्टुडिओवाला दोघंच. ट्रेबलचं बटण पार टोकाला. आता कुठे लेकीचा स ऐकू आला. एकदाच, तिसऱ्या गाण्यात. तेवढ्यासाठी महिनाभर खपलो. कंपनीला पाठवून दिलं. अल्बमचं नाव माझं: ‘टेस्टेड ओके’.

९ जून
कारखान्यात भानगड. पंपवाल्या गिऱ्हाइकाने माल परत केलाय. चालू पंपात बेअरिंग जाम झालं, पंप तापला, तिथल्या एका कामगाराचा हात भाजला. पंजापासून कोपरापर्यंत. परत आलेल्या सगळ्या बेअरिंगांवर माझा शिक्का.
शिक्का कोणीही मारू शकतं म्हणा. पण तो माझ्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.
जेवलो नाही. पोट बिघडलंय बहुतेक.

१३ जून
चौकशी झाली. मॅनेजरने विचारलं, चिरचिर ऐकू आली नव्हती का? मी तोंड उघडणार तोच ग्राइंडर उभा राहिला. म्हणाला, साहेब, दोष माझ्या मशीनचा आहे, चाक झिजलं होतं, मी वेळेवर बदललं नाही. घासण्यातला फरक इतका बारीक होता की कोणाच्याच कानाला कळला नसता. त्याला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलंय.
अखेर दूध का दूध, पाणी का पाणी. मी निर्दोष. मित्र म्हणून वाईट वाटलं, पण चूक ती चूक. एक लक्षात आलं: बोलताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अपराधी माणूस नजर देत नाही.
यंत्राने मात्र त्या मालातलं प्रत्येक बेअरिंग लाल दाखवलं. तेही मोठ्या आनंदाने.

१४ जून
रात्री झोप नाही. ग्राइंडरने तो माल घासायला घेण्याआधीच चाक बदललं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. विसरला असेल.

१९ जून
कंपनीचं उत्तर आलं. स्टुडिओवाल्याला फोनवर सांगितलं त्यांनी. गाणी चांगली आहेत, मुलीत दम आहे, पण असं मिक्सिंग आम्ही एका गाण्यापुढे ऐकू शकलो नाही. म्हणजे नाकारलं. त्यांची यंत्रणा स्वस्तातली असणार. मोठमोठ्या लोकांना सुरुवातीला नाकारलंच होतं.
ठरवलं: आपणच प्रकाशन करायचं. कारखान्याचा हॉल मागितला. जनता जनार्दन ठरवेल.

२६ जून, रविवार
प्रकाशन. तपशिलाने लिहितो.
हॉल अर्धा भरला. दुसरा अर्धा उशिरा येणारा होता. मॅनेजर पहिल्या रांगेत, बायकोमुलांसह. मी चार शब्द बोललो, मग अल्बम लावला, मोठ्या स्पीकरवर.
पहिल्याच ओळीला लोकांनी कानांना हात लावले. जुने रसिक मोठ्या कलाकाराचं नाव घेताना असेच कानाला हात लावतात. मॅनेजरचं धाकटं पोर रडायला लागलं. त्याच्या आईने त्याचं डोकं पदरात धरलं आणि बाहेर नेलं. मग आणखी दोन बायका बाहेर गेल्या. दुसऱ्या गाण्याला मागची रांग उठली. मला वाटलं नाचायला उठतायत.
तिसऱ्या गाण्यात स्टोअरकीपरने वायर काढली.
शांतता झाली. मला फारसा फरक कळला नाही, आधी ढोल होता, मग तो थांबला, एवढंच. पण सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. जड पोतं उतरवल्यावर येतात तसे. ते मी पाहिलं.
लेक स्टेजवर माझ्या शेजारी उभी होती. तिने लोकांना हात जोडले आणि म्हणाली, माफ करा. माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली. तिच्या तोंडून पहिल्यांदा स्पष्ट शब्द निघाले. म्हणजे मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.
हॉलचे स्पीकर फुटके आहेत. तक्रार करणार.

२७ जून
तक्रार केली नाही.

३० जून
लेक नोकरीवर रुजू व्हायला गेली. एक बॅग, एक पिशवी. बस सुटताना काचेआडून काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. हो म्हटलेलं बरं असतं. बस गेल्यावर बायकोला विचारलं, काय म्हणाली गं? बायको रुमालात तोंड धरून होती.
घरात शांतता. आता सराव भरपूर करता येईल.

४ जुलै
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, थोडे दिवस पॅकिंगला बसा. पॅकिंग! खोकी चिकटवायला! मी सरळ सांगितलं की राजीनामा देईन पण खोक्याला हात लावणार नाही. ते म्हणाले, मग कान तपासून या, रिपोर्ट दाखवा, चांगला असला तर यंत्र मी स्वतः बाजूला ठेवतो. हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले, माझ्या अगदी जवळ येऊन. लाचार झाला की माणूस जवळ येतो.

१० जुलै
मेहुणा आला. म्हणाला, भाऊजी, राग मानू नका, आम्ही अल्बम परत मिक्स करतोय. स्टुडिओवाला बसणार. कंपनी पुन्हा ऐकायला तयार आहे. तुमची गिटार तशीच ठेवतोय. गिटार ठेवतोय! घर माझं आणि मला म्हणे ओसरी देतोय. विचारलं, लेकीला माहीत आहे? म्हणाला, तिनेच सांगितलंय.
मी दार दाखवलं.

२४ जुलै
नीट लिहायला हवं.
आज बायको माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. कधी नव्हे ते सगळं कळलं. आरशाचा सराव कामी आला.
ती म्हणाली, अहो, ग्राइंडरभावजी मार्चमध्ये घरी आले होते. तुम्ही त्यांना काढलंत त्याच दिवशी. रागाने नाही आले. म्हणाले, वहिनी, त्याचे कान दाखवा, त्याला ट्रँगल ऐकू येत नाही. मी सांगितलं तर जन्मात माझं तोंड बघणार नाही, तुम्ही सांगा. मला धीर झाला नाही हो. आणि त्यांनी चाक बदललं होतं. तुम्हाला माहीत आहे की बदललं होतं.
मी म्हटलं, त्याने तुझे कान भरलेत.
ती म्हणाली, माझे भरता तरी येतात.
ती कधी असं बोलत नाही.

२६ जुलै
सगळा कट स्पष्ट झाला. मॅनेजर, यंत्र, मेहुणा, स्टुडिओवाला, आता बायको. ग्राइंडर सूत्रधार. मला उपकाराच्या ओझ्याखाली दाबायचं म्हणून चूक अंगावर घेतली त्याने. कोणी मागितलं होतं?
तीन महिने झाले त्याला पाहून. नाही, दीड. जास्त वाटतात.

३१ जुलै
पक्का निर्णय. उद्या परवा कधीतरी नाही, परवाच. बाजारपेठेत कानाचा दवाखाना आहे, तिथे बंद केबिनमध्ये तपासतात. नाव नोंदवून आलो. रिपोर्टच्या तीन प्रती काढायच्या. एक मॅनेजरच्या टेबलावर. एक स्टुडिओच्या दारावर; खुर्ची परत माझी आणि लेकीचा आवाज मीच मिक्स करणार. तिसरी ग्राइंडरच्या घरी स्वतः नेऊन देणार. त्याच्यासमोर धरणार आणि म्हणणार, हे बघ. मग मोठ्या मनाने माफ करणार. त्याची नोकरी मीच परत मिळवून देईन. शब्द टाकतो मॅनेजरकडे.
दाढी, नवा शर्ट. कानातला मळ आजच काढून ठेवला.

२ ऑगस्ट
गेलो.
केबिन लहान. आत एक खुर्ची, भिंतींना फोम, दार जाड. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, माझ्या लेकीएवढी. हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.
सुरुवात झकास झाली. जाडे आवाज, भोंग्यासारखे. प्रत्येकाला दाबलं. मग थोडे बारीक. तेही दाबले. मग थांबलं. मला वाटलं मध्यंतर. मुलगी चहाला उठली असेल म्हणून काचेतून पाहिलं, तर ती तिथेच होती, मान खाली. दुसऱ्या कानाची तयारी चालली असेल. म्हटलं, आता खरा पेपर. पहिलाच आवाज चुकवायचा नाही. डोळे मिटले, टेस्टिंगला बसतो तसे, आणि अंगठा बटणावर ठेवून तयार राहिलो. चांगलाच वेळ राहिलो.
दार उघडलं. ती म्हणाली, झालं काका, काढा.
मी म्हटलं, बारीक आवाज अजून लावलेच नाहीत तुम्ही.
ती म्हणाली, लावले. दोन्ही कानांना. पुन्हा लावू का?
लावा म्हटलं.
या वेळी डोळे उघडे ठेवले. काचेतून तिचं बोट दिसत होतं. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. तिच्या बोटाकडे बघून मला बटण दाबता आलं असतं. प्रत्येक वेळी, अचूक. रिपोर्ट सोन्यासारखा आला असता.
दाबलं नाही.
का ते माहीत नाही. ग्राइंडर डोळ्यांसमोर आला. वर्गात उभा राहून तिसऱ्यांदा वाजवून माझ्याकडे बघत होता तसा. फार लाज वाटली.
बाहेर आल्यावर तिने मला समोर बसवलं आणि तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलली. हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावता येईल, त्याने थोडं बरं वाटेल. मी ठीक आहे, ठीक आहे म्हणत होतो. मग तिने विचारलं, काका, नोकरी कुठे? म्हटलं, बेअरिंगच्या कारखान्यात. ती म्हणाली, हो का, तिथे काय काम करता?
म्हटलं, पॅकिंगला आहे.